चार नव्हे, सात किलोमीटर

हवामानाच्या फुग्यातून पडलेली यंत्रांची पेटी परत आणायची, एवढ्याच कामासाठी तिघं निघाली होती: मोजणीदारीण, तिचा दीर आणि एक वाटाड्या. पेटी खाऱ्या मैदानापलीकडे, एका काळ्या खडकापाशी पडली होती. टेकडीवरून खडकाकडे जाणारी पक्की वाट मोजणीदारणीने मागच्या वर्षी स्वतः मोजली होती. सरळ आठ किलोमीटर. पण ती खडकाळ, चढउताराची; म्हणून मैदानातली सपाट, सोपी वाट दाखवायला वाटाड्या घेतला होता.

टेकडीवरून पाच किलोमीटर सरळ चालत ती मैदानाच्या काठाशी आली. तेव्हापासून वाटाड्याचं काहीतरी बिनसलं होतं. सारखी खडकाकडे दुर्बीण. विचारलं की तुटक उत्तर. आणि ब्लँकेटखाली लपवलेला पाण्याचा जादा कॅन!

“पलीकडे फार तर चार किलोमीटर,” तो म्हणाला. “वारा सुटायच्या आत पोचू.”

वारा सुटला की मैदानावर खारं पाणी चढायचं आणि पांढऱ्या थराखालचा चिखल माणसाला गिळायचा.

“वहिनी, चार म्हणजे तासाभराचं काम,” दीर म्हणाला.

तिला पटेना. काठ आणि खडक यांच्यामधला कोन तिने टेकडीवरून मोजला होता: साठ अंश. तिने काठीने वाळूत आकडे मांडले. पाचाचा वर्ग पंचवीस, आठाचा चौसष्ट, मिळून एकोणनव्वद. त्यातून पाच, आठ आणि साठ अंशांची कोसाइन यांच्या गुणाकाराची दुप्पट, म्हणजे चाळीस, वजा. उरले एकोणपन्नास.

“सात किलोमीटर आहे,” ती वाटाड्याकडे रोखून पाहत म्हणाली. “अर्ध्यातच वारा गाठेल. खोटं का बोललास?”

तो ब्लँकेटखालचा कॅन उचलून मैदानात धावत सुटला. शे-दीडशे पावलं. थर फुटला! कंबरेपर्यंत चिखल! दिराने पोटावर सरपटत दोर फेकला. दोघांनी जीव खाऊन ओढलं. पाण्याचा कॅन मात्र त्याने सोडला नाही.

“माझा भाऊ तिकडे आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “पेटी आधी गाठून विकायची होती आम्हाला. गेला तो परतलाच नाही.”

तिघं टेकडीकडे परत फिरली आणि तिथून पक्क्या वाटेने निघाली. उन्हं कलताना खडक आला. भाऊ जिवंत होता. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. शेजारी पेटी.

“पेटीला दोघं लागतील, याला आळीपाळीने तिघं. दोन्ही उचलणं जमायचं नाही,” दीर म्हणाला.

तिने पेटीकडे एकदाच पाहिलं.

“राहू दे ती. उचला त्याला.”

वाटाड्याने भावाला पाठीवर घेतलं. तिने त्याला पुढे चालायला लावलं, अगदी नजरेसमोर.