येते, व्हा पुढे

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे खरंच घडलंय, माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत. थापा ते फक्त पर्यटकांना मारतात, घरच्यांना नाही.

मामा राजधानीत गाईड आहेत. राजवाडा, दरबार, घड्याळाचा मनोरा आणि शेवटी जुनी वेस, हा त्यांचा ठरलेला फेरा. लाल छत्री उंच धरून मामा पुढे, मागे पर्यटक आणि सगळ्यांच्या शेवटी मामी. कोणी फोटो काढत रेंगाळलं, कोणाची आजी दमली, की त्यांना सांभाळून आणायचं काम मामीचं.

वळण आलं की मामा मागे न बघताच ओरडायचे, "आलीस का गं?"

"येते, व्हा पुढे."

जन्मभर हेच. मामी पोचेपर्यंत मामांचं सांगून झालेलं असायचं.

"एकदा मला एकटीला दाखवा की राजधानी," ती म्हणायची.

"रोज तर बघतेस," म्हणून मामा हसण्यावारी न्यायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिला तपासणीसाठी हॉस्पिटलात आत नेलं. दारातून ती "येते हं" म्हणाली. मामा फोनवर कुठल्याशा ग्रुपची वेळ ठरवत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

ती आली नाही.

मग हिवाळा आला. त्या दुपारी इतकं धुकं होतं की राजवाड्याचा कळस दिसत नव्हता. मामा कारंज्यापाशी छत्री घेऊन उभे होते आणि ग्रुप आलाच नाही. घरी जावं, तर घर खायला उठतं. म्हणून ते एकटेच रोजच्या वाटेने चालू लागले. छत्रीसुद्धा तशीच उंच धरलेली. बघणारा कोणी असता तर हसला असता.

राजवाड्याच्या जिन्यात वळण आलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलंच...

"आलीस का गं?"

धुकं. कबुतरंसुद्धा गप्प.

आणि मग खालच्या पायऱ्यांवरून...

"येते, व्हा पुढे."

मागे चपला वाजत होत्या. उजवा पाय जरा घासत होता. मामीचा उजवा गुडघा दुखायचा.

मागे वळायची हिंमत होईना. भुताची भीती नव्हती हो. वळून बघितलं आणि कोणी नसलं तर, याची होती.

मग मामांनी तिला राजधानी दाखवली. एकटीला. वेळ वाचवायला रोज गाळायचे ते सगळं सांगितलं. "राजाला राण्या तीन आणि जिना एक," ते म्हणाले. "म्हणून लढाया रणांगणात कमी, जिन्यात जास्त."

मागे कोणीतरी हसलं... तोंडावर हात धरून हसावं तसं.

मनोऱ्यापाशी पावलं जवळ आली. वेशीपाशी अगदी खांद्यामागे. कमानीखालच्या अंधारात मामा थांबले.

"आलीस का गं?"

उत्तर नाही.

त्यांनी वळून बघितलं.

कोणीच नव्हतं. मामा तिथेच दगडावर बसले आणि लहान पोरासारखे रडले.

तेवढ्यात वेशीच्या पलीकडून पहारेकरी आत आला. नवा होता, मामांना ओळखतही नव्हता. त्याने छत्रीकडे बघितलं.

"तुमच्यासाठीच निरोप आहे वाटतं. आत्ता एक बाई गेल्या. म्हणाल्या, मागून लाल छत्रीवाले येतायत. त्यांना सांगा, सावकाश या."

"कुठे गेल्या?"

"पुढे."

मामा वेशीबाहेर धावले. रस्ता रिकामा होता.

आता मामा फेरा घेतात, पण छत्री दुसऱ्या गाईडकडे असते. ते सगळ्यांच्या मागून चालतात. तब्येत सुधारलीय, खुशीत असतात, असं नातेवाईक म्हणतात. मलाही तसंच वाटत होतं.

परवा फोन केला, तर बोलता बोलता मामा एकदम थांबले. मला वाटलं, फोन कट झाला. मग लांबून त्यांचा आवाज आला. माझ्याशी बोलत नव्हते...

"येतो गं. हो पुढे."

"मामा, कोण आहे तिथे?"

"कोणी नाही," म्हणाले आणि हसले.

तेव्हापासून मी रोज फोन करते. ते उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.