तुटक्या पट्ट्याचा मासा

सागरी बीजशाळेच्या तपासणीच्या खोलीत दिगंबर केळुसकर दहा तीनपट्टी मासे घेऊन आले, तेव्हा अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. अकरावा मासा नॅपकिनात गुंडाळलेल्या बरणीत होता. घरातला प्रत्येक मासा आणायचा असा नियम होता, म्हणून आणलेला. त्याचा मधला पट्टा अर्ध्यावरच तुटलेला, अंग किडकिडीत. असलं ध्यान चारचौघांत कशाला मिरवायचं?

समुद्र तापत गेला तसा तीनपट्टी नाहीसा होत चालला होता. घरच्या टाकीत अंड्यापासून तो जो वाढवील, त्याचं नाव बीजशाळा त्या वाणाला देणार होती. आजवर कोणाला जमलं नव्हतं. आपल्या दिवंगत पत्नीला, शालनताईंना, ते जमलं असं दिगंबररावांनी अर्जात लिहिलं होतं. ‘शालन वाण’ एवढं नाव मागे राहावं, दुसरं काही त्यांना नको होतं.

डॉ. ऋजुता पेडणेकरांनी पहिला मासा कर्णाश्मदर्शकाखाली धरला.

“काका, माशाच्या कानात एक बारीक खडा असतो, कर्णाश्म. त्यावर रोज एक वलय चढतं, आणि त्या दिवशीच्या पाण्यातले क्षार त्यात कायमचे राहतात. जन्मापासूनची रोजनिशीच म्हणा. हे यंत्र ती मासा न कापता वाचतं.”

तपासणी म्हणजे मोजणी आणि वजन, एवढीच दिगंबररावांची समजूत होती.

तिसऱ्या माशानंतर ऋजुताने यंत्र थांबवलं. “हे समुद्रात जन्मलेत.”

मग दिगंबररावांनी सगळं सांगून टाकलं. अंडी फुटल्यापासून शालनताईंनी पिल्लांना डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. एकोणिसाव्या दिवशी त्या अचानक गेल्या. पुढे अकरा दिवस दिगंबरराव टाकीच्या खोलीत फिरकलेच नाहीत. पंप तेवढा आपोआप चालू होता. बाराव्या दिवशी पाहिलं, तर पाणी हिरवं गढूळ, आत काही हलेना. बायकोचं एवढं एक काम आपल्याला सांभाळता आलं नाही, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी ओळखीच्या पाणबुड्याकडून पिशवीभर समुद्री पिल्लं आणली आणि न मोजताच त्या टाकीत सोडली.

“बरणीत काय आहे?”

“ते राहू द्या. पिशवीतलंच एक मरतुकडं निघालं.”

ऋजुताने तरीही ते यंत्राखाली धरलं आणि बराच वेळ वलयं मोजत राहिली.

“पहिल्या दिवसापासून घरचं पाणी. एकोणीस वलयं भरदार, मग अकरा उपाशी, केसासारखी. त्यानंतर पुन्हा भरत गेलीत.” तिने मान वर केली. “काका, हे काकूंचं पिल्लू आहे. पट्टा असा तुटतो तो टाकीत जन्मलेल्यांचाच.”

दिगंबररावांना बरणीकडे बघायचा धीर होईना.

ऋजुताचा आवाज मात्र उजळला. अर्ज नव्याने, खरा लिहून द्या, म्हणाली. वाणाला टाकीत जन्मलेल्यांचीच जोडी लागते, पण या जातीत नर-मादी शोधत बसावं लागत नाही. कुठलेही दोन एकत्र वाढवले की मोठा मादी होतो. “तुटक्या पट्ट्याचा आणखी एखादा आहे का घरी?”

गेल्या रविवारी टाकीचे फोटो काढायला वार्ताहर यायचे होते. टाकी देखणी दिसावी म्हणून दिगंबरराव सकाळीच जाळी घेऊन बसले होते. बरणीतला हा खडकामागे दडला म्हणून हाती लागला नव्हता.

“होता,” ते म्हणाले. “मी मोरीत ओतला. फोटोत बरा दिसला नसता.”