टाकीवरचा नंबर

"तुमचं लग्न झालंय का?"

विचारून झालं आणि दिपालीनं जीभ चावली. अनोळखी माणसाला फोन लावायचा आणि पहिलाच प्रश्न हा... पण तिच्या मैत्रिणीनं, गजालानं, पैजच लावली होती. "डर गई ना? अगं, लग्न झालेलं असेल तर म्हण, बायकोला द्या फोन. बायकांना दया येते." दुसरी मैत्रीण प्रांजली तर फोनला कान लावून, ओढणी तोंडात कोंबून हसू दाबत होती.

पलीकडून उन्हात भाजून निघालेला, पण हसरा आवाज आला, "नाय झालं. पाणी मागायला हर्सूलहून लई फोन येतात मला. स्थळ आज पहिल्यांदाच आलं."

"स्थळ नाही... पैसे," दिपाली पुटपुटली. "चुकून तुम्हाला गेलेत."

झालं होतं असं. त्यांच्या हर्सूलच्या गल्लीच्या तोंडाशी एक मोठी काळी टाकी होती, आणि मागच्या दुष्काळात टँकरवाल्यानं तिच्यावर पांढऱ्या रंगानं आपला नंबर रंगवून ठेवला होता. यंदा नळ पुन्हा कोरडे पडले. आधी पैसे, मग पाळी, ही टँकरची रीत. गल्लीनं वर्गणी काढली, आणि बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दिपालीनं "आणा इकडं, मी पाठवते" म्हणत त्याच नंबरावर टाकून दिली. टँकरवाल्यानं तो नंबर केव्हाच सोडला होता. कंपनीनं तो नेऊन कुण्या भारतच्या गळ्यात बांधला होता. नाव मोबाइलवर दिसलंही होतं, पण तिला वाटलं, टँकरवाल्याचा पोरगा असेल.

रद्द करायचं बटण शोधून शोधून तिची बोटं दुखली. पण एकदा गेलेले पैसे त्या ॲपमधून मागं ओढता येत नव्हते. ज्याला गेले, त्यानंच द्यायचे.

आणि आप्पा, तिचे वडील, भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले होते, "एक नंबर धड बघता येत नाय, आणि म्हणं नवरा मी बघीन." लासूर स्टेशन गावचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. माझं मी ठरवीन, असं तिनं मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. ती ऐट पैशांच्या मागोमाग गेली.

"मी ॲपवरून मागणी पाठवते," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही फक्त पिन टाका."

"तेवढं सोडून बोला. असंच एकानं 'चुकून गेले' म्हणून पिन टाकायला लावला अन् माझं खातं धुऊन नेलं. तुम्ही खऱ्या कशावरून?"

"आणि तुम्ही खरे कशावरून?"

"व्हय, हे पण बरोबर..." तो हसला. "बघतो उद्या."

फोन बंद. गजालानं उसासा सोडला, "गये पैसे. आवाज अच्छा था लेकिन."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत टँकर शिरला. कळश्या, बादल्या, हंडे धावले. टँकर चालवत होता रामकिसन नावाचा दुसराच टँकरवाला, आणि शेजारून उतरला एक उंच, सावळा मुलगा. शर्टाच्या खिशात टेस्टर, केसांत सिमेंटची धूळ.

"स्थळ कोणाकडून आलं व्हतं?" त्यानं विचारलं.

प्रांजलीनं दिपालीला कोपरानं पुढं ढकललं.

"पैसे परत पाठवायचे सोडून पाणी घेऊन आलात?" कानाच्या पाळ्या तापल्या तरी दिपाली ताठ उभी राहिली.

"म्हटलं, बाई खोटी असली तर पाण्याची वाट बघत कोणी उभं नसणार. अन् खरी असली तर त्या पैशांचं पाणीच घेणार." तो टाकीशेजारच्या दाराकडं वळला. "हे आशाबाईंचं घर ना? त्यांच्या हंड्याला भोक आहे. रोज सांगतात."

नंबर लागला की 'राँग नंबर' म्हणायच्या आधीच सगळ्यांचं गाऱ्हाणं त्याला ऐकावं लागायचं. गल्ली न बघताच त्याला पाठ झाली होती.

पाइपाच्या सांध्यातून पाणी फुसफुसलं. दोघांनी एकदमच हात लावला... आणि बोटांवरून गार पाणी वाहत असताना हात आधी कोण काढणार, हे काही केल्या ठरेना.

मग टँकर येत राहिला, आणि सुट्टीच्या दिवशी टँकरबरोबर तोही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सातारा परिसरातल्या नव्या उंच इमारतींत तो वायरिंग करायचा. घरचे गंगापूरकडचे, मेंढरं घेऊन चाऱ्यामागं फिरणारे. "पाणी शोधत चालायचं आमच्या पायातच आहे," तो म्हणायचा. ती त्याला परीक्षेचं सांगायची. तो बाराव्या मजल्यावरून दिसणाऱ्या हर्सूलच्या दिव्यांचं.

एके दिवशी तो काळ्या-पांढऱ्या रंगांचे डबे आणि ब्रश घेऊन आला. "जुना नंबर पुसतो. रामकिसनचा लिहितो. लोकांची फसगत नको." काळ्यात ब्रश बुडवला आणि हात तसाच राहिला. "पण... पुसला की सगळेच फोन थांबतील."

"थांबू देत की."

"तुमचा पण?"

दिपालीनं त्याच्या हातातून ब्रश घेतला आणि पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत सपासप काळा फिरवला. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मला पाठ आहे."

त्यानं ब्रश परत घेतला. मग अगदी हळू म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही इचारलं व्हतं... माझं उत्तर अजून 'नाय'च आहे. बदलायचं का?"

तिनं मान वर केली. नाकावर काळा ठिपका. "बदलू या."

ती तशीच घरी गेली. तिची आई सखूबाई पाहुण्यांसाठी कप पुसत होती. आप्पा फोन घेऊन बसले होते.

"आप्पा, लासूरच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा."

"का?" आईचा हात थांबला. "अगं, नाकाला काय लागलंय?"

"रंग आहे, आई." दिपाली दोघांच्या मधोमध बसली. "तो टँकरबरोबर येतो ना, भारत... मी त्याच्याशी लग्न करणार आहे. नंबर बघताना चुकले होते, आप्पा. माणूस मी नीट बघितलाय."