वरच्या वाटेवरची शीळ

धुकं चढू लागलं तशी एलोदियाने अंगणातली कॉफी गोळा केली. मेक्सिकोतल्या या मासातेक डोंगरात या दिवसांत धुकं रोजचंच. पण आज दुपारी दरीतली खालची वाट खचली होती, आणि तिचा नवरा लिब्रादो बाजारातून त्याच वाटेनं यायचा होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

हाक धुक्यात विरून जाते. शीळ दरी ओलांडते. इथले पुरुष अख्खं बोलणं शिळेतून करत, बोलीचे सगळे चढउतार सांभाळून. बायकांना ते समजे, पण त्या स्वतः शीळ घालत नसत. शेजारचे पुरुष मळ्यात गेलेले, आणि सासऱ्यांचं तोंड अर्धांगाच्या झटक्यानं वाकडं झालेलं.

"मामंजी, मी घालू?"

"घाल," चुलीपाशी बसलेला म्हातारा पुटपुटला. "गाव हसेल. हसू दे."

ती अंगणाच्या कडेला गेली. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. मग जमलं. वरच्या वाटेनं ये, खालची खचलीय.

बऱ्याच वेळानं दरीच्या तळातून उत्तर आलं. शेवटाला किंचित ओढलेली ती शीळ लिब्रादोचीच होती.

"कोण रे पोरगं? दुधाचे दात पडलेत का?"

"मी आहे. एलोदिया."

"अगं, तू? बरं, वळतो. उशीर होईल. घेवडा गरम ठेव."

आत सासरे वाकड्या तोंडानं हसत होते. तिनं तवा ठेवला. मक्याची पहिली भाकरी फुगली, तोच लिब्रादो दारात उभा.

इतक्या लवकर? टोपी त्याचीच होती. खांद्यावर मिठाची पिशवी होती. चपलांना चिखल मात्र नव्हता.

"कुठून आलास?"

"वाटेनं." तो चुलीपाशी बसला.

"माझी शीळ कशी होती?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं, हसला आणि भाकरी घेतली. दमला असेल, तिला वाटलं. कुणी खेचरावर बसवून आणलं असेल. पण तळातून वर यायला खेचरालाही वेळ लागतो.

बाहेर शीळ वाजली. शेवटाला किंचित ओढलेली.

"वरच्या वळणावर पोचलो. दार उघडं ठेव."

सासऱ्यांच्या धड हातानं तिची बाही घट्ट धरली.

भाकरी खात बसलेल्यानं घास थांबवून कान दिला.

"छान ओरडतो," तो म्हणाला. "कुठला पक्षी गं हा?"