बिशप केलाखची चौथी नोंद

जपानमध्ये, कोतोमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात अनुराधा गोरेने सकाळी तिजोरी उघडली. चर्मपत्राची पेटी रिकामी होती.

दुर्मीळ कागदपत्रं सांभाळणं हे तिचं काम. तिने लगेच कुलपाची नोंद पाहिली. काल दुपारी सव्वाचार, कोड संशोधक केतकी भिडेचा. ग्रंथालयप्रमुख मोरी-सानना तिने तसं कळवलं आणि दोन्ही संशोधकांना बोलावून घेतलं.

पेटीतलं ते पान आयर्लंडमधल्या केलाख नावाच्या गेलिकभाषी बिशपचं. आठशे वर्षांपूर्वीच्या या माणसाबद्दल तीनच नोंदी होत्या: दानपत्रावरची साक्ष, पोपचं एक पत्र आणि १२१४ सालच्या मृत्यूची एक ओळ. मग दुसरा संशोधक नरेंद्र करंदीकर याने चौथी आणली, बिशपने १२२० साली लिहिलेलं पत्र. त्या जोरावर त्याला इथे कायमची नोकरी मिळणार होती. बिशप १२१४ मध्येच वारला असं मांडणारं केतकीचं पुस्तक मात्र चूक ठरणार होतं. शाईच्या तपासणीसाठी पान उद्या प्रयोगशाळेत जायचं होतं.

“तुमच्यापैकी एकाच्या कोडने तिजोरी उघडली गेली,” अनुराधा एवढंच म्हणाली.

“एकाच्या कशाला? हिच्याच!” नरेंद्र उसळला. “पुस्तक बुडतंय ना हिचं.”

“तोंड सांभाळ,” केतकी म्हणाली. “तुझं पानच खोटं आहे. फोटोत बघ, बिशपचं नाव ‘केलान’ लिहिलंय. मी तिन्ही मूळ हस्तलिखितं पाहिली आहेत, सगळीकडे ‘केलाख’ आहे. ‘केलान’ ही त्या नोंदींच्या छापील आवृत्तीतली चूक.”

“तेव्हाचे लेखनिकही चुकायचे. आणि सव्वाचारला ही तिजोरीपाशी काय करत होती, ते विचारा आधी!”

अनुराधाने केतकीकडे पाहिलं. “काल दुपारी कुठे होता तुम्ही?”

“वाचनकक्षात. एकटीच.”

“कोड कोणाला सांगितला होता?”

“कोणालाच नाही. पण सोमवारी मी पेटी काढली तेव्हा हा अगदी खांद्याशी उभा होता.”

“नरेंद्र, सव्वाचारची वेळ तुम्हाला कोणी सांगितली?”

“तुम्हीच की.”

“मी वेळ सांगितलीच नाही.”

“मग मोरी-सान म्हणाले असतील.”

मोरी-सान दारातच उभे होते. अनुराधाने त्यांना जपानीत विचारलं. त्यांनी मान हलवली. नाही.

“पान नाहीसं होऊन केतकीला काय मिळणार?” अनुराधा म्हणाली. “ते खोटं आहे याची त्यांना खात्री होती. उद्याच्या तपासणीत त्याच जिंकणार होत्या. तपासणीची भीती पान बनवणाऱ्याला. तुम्ही छापील पुस्तकावरून मजकूर उचललात, त्यातली चूकही उचललीत. पान गेलं की फोटो शिल्लक, नोकरी शिल्लक, आणि चोर म्हणून केतकी. त्यांचा कोड तुम्हीच दाबलात.”



“तीन नोंदींच्या माणसावर नोकरी कोण देतं?” नरेंद्र शेवटी म्हणाला. “सहा वर्षं घालवली मी त्याच्यामागे.”

“पान कुठे आहे?”

“तुकडे करून जाळायच्या कचऱ्यात टाकलं. सकाळीच गाडी येऊन गेली.”

मोरी-सान पोलिसांना फोन करायला गेले. अनुराधा केतकीकडे वळली. “सकाळी मी तुमचं नाव कळवलं. चुकलं माझं.”

“तोंडी नको,” केतकी खुर्ची ओढत म्हणाली. “लेखी द्या. आत्ता. मी बसलेय इथे.”