राखाडी गाडीतला गॅस

एसीचं काम करतो म्हणून त्याला सगळे थंडोबा म्हणत, आणि कामात कधी घाई करत नाही म्हणूनही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं, घाम पुसत चरफडलं, तरी याचा आपला एकच पाढा. "गॅस काही जादूनं जात नाही. गेला म्हणजे कुठून तरी गेला. आधी भोक सापडू दे, मग भरू. नाहीतर फुटक्या बादलीत पाणी ओतायचं काम." पत्र्याच्या त्या शेडमध्ये मेहुणा इंजिनं बघायचा आणि थंडोबा एसी, आणि दोघांचं कित्येक वर्षं बरं चाललं होतं.

ती राखाडी गाडी मात्र घरचीच. जुनी, पण इंजिन ठणठणीत. घेतली ती बायकोसाठी. लेकीचे दिवस भरत आले होते, ती राहायची दिवसभराच्या वाटेवर, आणि बायकोला गेल्या वर्षीच्या आजारापासून ऊन म्हणून सोसत नव्हतं. जरा उकडलं की छाती भात्यासारखी चालायची. लेक रोज फोनवर विचारायची, "आई, तू येशील ना गं? मला फार भीती वाटते." बायको म्हणायची, "येणार म्हणजे येणार. तुझे बाबा माझ्यासाठी गाडीचा फ्रीज करतायत!"

पहिल्यांदा गॅस भरला तेव्हा गाडी खरोखरच फ्रीज झाली. बायको शेजारी बसली, पदर सावरून एसीच्या जाळीसमोर तोंड नेलं आणि डोळे मिटून म्हणाली, "अहाहा. आत्ता कुठे श्वास पुरा येतोय." थंडोबाला इतकं बरं वाटलं की त्यानं उगाचच दोन गल्ल्या जास्त फिरवल्या. मग रोज संध्याकाळी चक्कर सुरू झाली. आठवडा झाला नाही तोच जाळीतून कोमट वारा यायला लागला.

गॅस गेला होता.

हे तर रोजचंच काम. थंडोबानं साबणाचा फेस करून ब्रशनं एकेका जोडाला लावला. बुडबुडा नाही. कंडेन्सर धुऊन पाहिला. कॉम्प्रेसरभोवती तेलाचा टिपूस नाही. नायट्रोजन भरून रात्रभर दाबाखाली ठेवलं, सकाळी दाब दाखवणाऱ्या गेजची सुई जिथल्या तिथे. मेहुणा हसला. "भाऊजी, गॅसनं तुमच्याच तोंडाला पानं पुसली की!"

"गेज खोटं बोलत नाही," थंडोबा म्हणाला, "आणि गॅसही नाही. दोघांपैकी कोण लपवतंय ते बघू."

मग त्यानं रंग घातला. हा रंग गॅसबरोबर पाइपांतून फिरतो, जिथं गळती असेल तिथं बाहेर येतो, आणि निळ्या टॉर्चच्या उजेडात हिरवापिवळा चमकतो. रंग घालायच्या आधी नेहमीसारखा पंप लावून पाइपांतली सगळी हवा ओढून काढली. त्याच दुपारी बायको स्वयंपाकघरात कट्ट्याला धरून खाली बसली. शेजारीण नसती तर डोकंच आपटलं असतं. "काही नाही हो," ती संध्याकाळी म्हणाली, "कुणीतरी छातीतली हवाच काढून घेतल्यासारखं झालं. मग आपोआप बरं वाटलं." थंडोबानं पंख्याला, उन्हाला आणि स्वयंपाकघराच्या बुटक्या खिडकीला शिव्या घातल्या.

गॅस आणि रंग भरून गाडी फिरवली. एकटा गेला की गारवा टिकायचा. बायको बसली की कमी व्हायचा. हे लक्षात आलं तेव्हा तो स्वतःवरच चिडला. म्हातारचळ लागला की काय, असं काही असतं का! ती बसते म्हणून ब्लोअर जोरात लागतो, एवढंच. शिवाय बायको सुधारत होती. धाप बंद झाली होती. भर दुपारी पंख्याशिवाय झोपायची, आणि हात लावला तर कपाळ गार. माणूस बरं होत असलं की नवरा फार चौकशा करत नाही. थंडोबानंही केल्या नाहीत.

गॅस पुन्हा गेला, तेव्हा त्यानं दुपारी शेडचं शटर ओढून अंधार केला, पिवळा चष्मा चढवला आणि निळा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरला. जोड, पाइप, कॉम्प्रेसर. कुठं म्हणजे कुठं एक ठिपका नाही. गाडीखाली पाणी ठिबकतं ती नळीसुद्धा कोरडी, काळी. तेवढ्यात शटर हातभर वर झालं आणि बायको वाकून आत आली, डबा घेऊन.

"अंधारात काय चाललंय? लपाछपी?"

तो वळला. हातातला टॉर्चही वळला.

तिचे ओठ चमकत होते. नाकपुड्यांच्या कडा, पदराची जी बाजू ती तोंडाला लावायची ती, सगळं हिरवंपिवळं. ती हसली तर दातांच्या फटीही उजळल्या.

"असं काय बघता? भूत पाहिल्यासारखं?"

"काही नाही. तोंडाला रंग लागलाय." त्यानं स्वच्छ फडकं घेऊन तिचे ओठ पुसले. पुसले गेले. मग ती बोलायला लागली, आणि शब्दागणिक ते पुन्हा चमकायला लागले.

डबा त्या दिवशी तसाच राहिला. पण थंडोबा शेवटी कामाचा माणूस, त्यानं मनाला पटेल असं कारण शोधलंच. डॅशबोर्डच्या आत बसवलेली कूलिंग कॉइल फुटली असणार. गॅस आणि रंग जाळीतून थेट तिच्या तोंडावर येत असणार. तीच तर जाळीशी नाक लावून बसते! म्हणजे आपण आपल्या हातानं तिला हे हुंगायला लावलं. दुसऱ्या सकाळी त्यानं अख्खा डॅशबोर्ड उतरवला.

जुनी कॉइल त्यानं टॉर्चखाली उलटसुलट फिरवून पाहिली. कोरडी ठणठणीत. रंग नाही, तेल नाही.

तरी नवी बसवली. जोडांतल्या सगळ्या रबरी ओ-रिंग बदलल्या. बायको तिथंच होती. पाइप उघडे पडल्यापासून तिला पुन्हा धाप लागत होती आणि घरी करमत नव्हतं. "गाडीत बसते जरा," ती म्हणाली. "आत बरं वाटतं."

"अगं, एसी बंद आहे. आत भट्टी असेल."

"असू दे." तिनं दार लावून घेतलं आणि काच वर केली.

मेहुणा सामान आणायला गेला होता. थंडोबानं पाइपांना गेज जोडलं, पंप सुरू केला. पंप घुरघुरायला लागला, सुई खाली निघाली. तो सुईकडे बघत उभा राहिला. तळाशी पोचता पोचता सुई थबकली आणि थोडी वर आली.

गळती आहे, त्याच्या मनात आलं. सापडली एकदाची.

मग सुई पुन्हा खाली गेली. पुन्हा वर. पुन्हा खाली. गळती असली की सुई वर चढते. चढून उतरत नाही. हे असं वरखाली होणं त्यानं उभ्या जन्मात गेजवर पाहिलं नव्हतं. दुसरीकडे मात्र गेलं वर्षभर रोज पाहिलं होतं, रात्री उशाशी बसून.

त्यानं मान वर केली.

काचेआड तिचे खांदे वर जात होते, खाली येत होते. सुईबरोबर. तिचं तोंड उघडं होतं. एक तळहात काचेला टेकलेला होता.

त्यानं दाराला हिसका दिला. कुलूप नव्हतं, तरी दार आतून ओढून धरल्यासारखं घट्ट. पाय लावून ओढलं. हललं नाही. सुई तळाला चालली होती आणि खांदे थांबत आले होते.

त्यानं पंपाचा पाइप उपटून काढला. सूंऽऽ करत हवा आत शिरली. दार आपसूक सुटलं आणि बायकोनं बुडता बुडता वर आल्यासारखा श्वास घेतला.

"काय झालं हो?" ती म्हणाली. "रडताय कशाला?"

"काही नाही. चल. घरी चल आधी."

मेहुणा परतला तोच त्याच्या हातातून स्कूटरची किल्ली हिसकावून थंडोबानं तिला मागे बसवलं. घरी नेऊन पलंगावर निजवलं, पांघरूण घातलं. ती लगेच झोपली. तो उशाशी बसून पांघरुणाकडे बघत राहिला. वर, खाली. वर, खाली. ती गाडी मोडीत घालायची, त्यानं ठरवलं. लेकीला इकडेच आणू. काहीही करू.

बघता बघता पांघरूण थांबलं.

त्यानं तिला हलवलं. हाक मारली. तिच्या तोंडाशी गाल नेला. काही नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, मागे पंप घुरघुरत होता, "काम अर्धवट टाकून गेलात की! पाइपात ओल जाईल म्हणून तुम्हीच बोंबलता ना? पंप लावलाय मी. काय फिटिंग केलंय, वा! सुई तळाला बसलीये, केसभर हलत नाही."

"सोड! हवा सोड आत! गॅस भर, काहीही भर!"

"अहो, पण अजून थोडा वेळ..."

"भर म्हणतो ना! तुझी ताई..."

पलीकडे पंप थांबला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग गॅस शिरल्याचा, आणि कॉम्प्रेसर लागल्याचा.

पांघरूण उचललं गेलं. खाली बसलं. पुन्हा उचललं गेलं. थंडोबानं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा हुंदका दिला. हात बर्फासारखा होता, पण बोटं हलली. फोनमधला कॉम्प्रेसर थांबला, की तीही थांबायची. तो पुन्हा लागला, की तिची छाती वर यायची.

"झालं, भाऊजी," मेहुणा खुशीत म्हणाला. "नुसती गारेगार झालीये. बंद करू ना आता? पेट्रोलचा काटा तसाही तळाला टेकलाय."