मागच्या बाकावरचा सर

पोरींनी वर्गात सरांच्या मागून शिरायचं आणि सरांच्या मागूनच बाहेर पडायचं. वाशीमच्या आमच्या कॉलेजात हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. पंचाहत्तर साल. दहावी करून थेट अकरावीला कॉलेजात जाणारी आमची पहिलीच तुकडी. विज्ञानाला पोरं एक्केचाळीस आणि पोरी दोन. एक मी, भागिरथा, आणि दुसरी माझी मैत्रीण गंगू.

पहिल्या दिवशी आम्ही नकाशे ठेवायच्या खोलीच्या दाराशी सरांची वाट पाहत उभ्या होतो. तेवढ्यात ते आले. उंच, पांढरा सदरा, बारीक मिशी, काखेत हजेरीपट. मी गंगूला कोपरानं ढोसलं.

"सर तरणेच हायेत गं."

आणि मान खाली घालून त्यांच्या मागोमाग वर्गात शिरले. अख्खा वर्ग उभा राहिला. आम्ही पहिल्या बाकावर बसलो. सर मात्र फळ्यापाशी थांबलेच नाहीत… हजेरीपट टेबलावर ठेवला, माझ्याकडे एकदा घाबरल्यासारखं पाहिलं, आणि सरळ मागच्या बाकावर जाऊन बसले.

त्यानंतरचं हसणं मी मोजलं नाही. एक्केचाळिसातले चाळीस हसले असतील, कारण तो एकटा हसत नव्हता. शिपायाचीही माझ्यासारखीच चूक झाली होती, म्हणून तर त्यानं हजेरीपट त्याच्या हाती दिला होता. तो शेषराव. रिठदचा. चौथीनंतर तीन वर्षं ढोरं राखून पुन्हा शाळेत बसलेला, म्हणून मिशी बाकीच्यांच्या आधीच अकरावीत पोचली होती. त्या दिवसापासून पोरं त्याला 'सर'च म्हणू लागली, आणि मला मागे वळून पाहायची सोय उरली नाही.

तरी पाहत होते. मंगळवारी दोनदा, बुधवारी चारदा. त्याचा आकडा माझ्यापेक्षा बराच मोठा होता, हेही सांगून टाकते.

वर्गात बोलणं शक्य नव्हतं. बाजारात होतं. आमचा मळा गावाला लागूनच. बाजाराच्या दिवशी मी मायसोबत भाजी घेऊन बसायची. गिऱ्हाइकाशी बोलायला कोणाची हरकत? शेषराव खोली करून राहायचा आणि हातानं रांधायचा. दर बाजाराला यायचा, आणि दर बाजाराला मेथीच मागायचा.

"निवडता येते का तुमाले?" एकदा मी विचारलंच.

"नाही येत."

"मंग मागच्या बाजारी नेली, तिचं काय केलं?"

"घरमालकाच्या गाईले देल्ली."

"अन् त्याच्या मागच्या?"

"थेबी… गाईलेच."

"मंग यंदा गायच पास होते. तुमचं कठीण हाय."

त्यानं खाली बसून जुडी उगाच हातात फिरवली. पाण्याचे चार थेंब त्याच्या मनगटावर उतरले.

"मंग काय नेऊ? तुमीच सांगा."

"वांगे न्या. नुसते भाजले तरी जेवन होते."

"अन् पुढच्या बाजारी?"

"पुढच्या बाजारी या… मंग सांगतो."

तो गेल्यावर मायनं माझ्याकडे पाहिलं. "वांगेच नेले ना त्यानं? मंग तू काहून लाल झाली?"

असं दिवाळीपर्यंत चाललं. दिवाळी झाली आणि गंगूचं लग्न जमलं. आठ दिवसांत ती मांडवात उभी. मी पोटभर जेवले, रडले, घरी आले. हा घाव खरा माझ्यावर आहे हे रात्री ताटावर कळलं.

बाबा भाकर मोडता मोडता म्हणाले, "उद्या कॉलेजात येतो. तुहं नाव काढून घेऊ. एक्केचाळीस पोट्ट्यांत एकली पोरगी मी ठेवत नसतो."

बाबा रागावले असते तर मी भांडले असते. पण ते साध्या आवाजात बोलले होते, आणि साध्या आवाजातला त्यांचा शब्द आजवर फिरला नव्हता.

सकाळी मी नकाशांच्या खोलीत, दार किलकिलं करून. ओसरीवर बाबा, डोक्याला पटका, कुणाला विचारावं हे न कळून उभे. समोरून शेषराव आला. बाबांनी त्याच्या मिशीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"नमस्कार सर. मी शालिकराम, भागिरथेचा बाप. तिचं नाव काढाले आलो."

शेषराव जागीच थिजला. "काहून?"

"एकली पडली ना ते. एक इचारू सर? खरं सांगजा. वर्गात तिच्याकडे कोनी पाह्यते काय?"

नाही म्हण. दाराआडून मी देवाला नाही, त्यालाच नवस बोलत होते. एवढा एक शब्द, आणि माझी दोन वर्षं वाचत होती. 'सरां'चा शब्द बाबांनी खरा मानला असता.

"पाह्यते," शेषराव म्हणाला.

"कोन?"

"मागच्या बाकावर बसते. शेषराव म्हनतेत त्याले." तो थांबला. "काका, मी सर नाही. शेषराव मीच."

बाबा ओसरीच्या पायरीवर बसले. मग हळूच म्हणाले, "अन् बाकीचे चाळीस?"

"थे नाही पाह्यत."

"काहून?"

"मी पाह्यतो म्हून."

मी दार लोटून बाहेर आले. कशी आले, मला आजही माहीत नाही. बाबांनी मान वर केली.

"तुले माहीत होतं हे?"

"हो."

"अन् तू? तू पाह्यतं का याच्याकडे?"

खोटं बोलायची पाळी आता माझी होती. तीही फुकट गेली.

"पाह्यतो, बाबा."

शेषरावानं शेजारचा खांब धरला. बाबा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहू लागले, बियाणं तळहातावर घेऊन पाहावं तसं.

"कोनाचा रे तू?"

"पुंजाजीचा. रिठदचा."

"कांद्याच्या रोपावाला पुंजाजी?" बाबांचा आवाज पुन्हा साधा झाला. ते उठले, धोतर झटकलं. "नाव राहू दे पोरीचं. तुह्या बापाले सांग, बारावीचा निकाल लागला का शालिकराम रिठदले येनार हाय. तवरोक दोघायनं पुस्तकात पाहा." दोन पावलं जाऊन ते माझ्याकडे वळले. "अन् तू नापास झाली, तं मी जात नसतो."

ते फाटकाबाहेर जाईपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग शेषराव, माझ्याकडे न पाहता, अगदी हळू म्हणाला, "तुहं गणित कसं हाय?"

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला 'तुमी' म्हटलं नाही.

"कच्चं हाय," मी म्हणाले.

"मेलो मंग," तो म्हणाला, आणि खाली बसून त्यानं पिशवीतून गणिताचं पुस्तक काढलं.